पिवळी न झालेली बाई

माझा हात आधी चालतो आणि तोंड नंतर, असं माझी आई म्हणायची. म्हणून मला कंपाउंडरची नोकरी लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच हायसं वाटलं. खलात औषधं कुटायची, मिक्श्चर ढवळायचं, बाटलीवर खुणांची कागदी पट्टी चिकटवायची. दिवसभर हाताला काम आणि समोर जाळीची खिडकी, त्यामुळे कोणाच्या अंगावर जायची सोयच नाही. जाळीला मनगट जाईल एवढं भोक होतं. त्यातून पुडी द्यायची, "तीन वेळा, पाण्याबरोबर" म्हणायचं आणि पुढच्याला हाक मारायची.

जव्हारचं संस्थान विलीन होऊन थोडी वर्षं झाली होती. राजाच्या वेळचे आम्ही नोकर सरकारी झालो होतो आणि डॉक्टर देशावरून आले होते. दवाखाना म्हणजे आजाऱ्यांची जागा असं तुम्हांला वाटत असेल. आमच्याकडे निम्मी माणसं मार खाऊन यायची. जंगलच्या ठेकेदाराच्या माणसांनी बोटं मोडलेला मजूर, ताडी पिऊन सख्ख्या भावाच्या खांद्यात कोयता घातलेला आणि मग त्याच भावाला पाठीवर घेऊन रडत आलेला माणूस, नवऱ्याने ढकलल्यामुळे चुलीवर पडलेली बाई. बाजाराच्या दिवशी व्हरांड्यात इतकं रक्त सांडायचं की झाडणारा आधी राख टाकायचा आणि मग झाडू घ्यायचा. डॉक्टरांचा हातही हलका नव्हता. टाका घालताना रोगी हलला की फाडकन कानाखाली बसायची. पण एक सांगतो, त्या माणसाने तिथे जितके जीव वाचवले तितके मी पुढे कुठे पाहिले नाहीत. सकाळी उभा राहिलेला माणूस दिवेलागणीपर्यंत उभाच असायचा. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याबद्दल आदरही वाटायचा, दोन्ही एकाच वेळी.

राग कशाचा, तर त्या खिडकीचा. कंपाउंडरने खिडकी सोडायची नाही, रोग्याशी रोगाबद्दल बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मी तिथलाच. आमच्या शेतावर पाड्यावरचे लोक कामाला असायचे, त्यांच्या पोरांबरोबर मी चिखलात लोळलेलो, त्यामुळे त्यांची बोली मला येत होती. समोरचा माणूस गोळी खाणार आहे की कमरेला बांधून ठेवणार आहे, हे मला त्याच्या तोंडावरून कळायचं. पण बोलायला बंदी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी रोज खायचो.

त्या वर्षी भातं कापायला आली आणि हिवतापाने माणसं पटापट पडायला लागली. वरून पिवळ्या गोळ्यांचे डबे आले. गोळी कडू जहर, पण तापाला लागू पडायची. फक्त एक होतं. ती काही दिवस सतत घेतली की माणसाचं अंग पिवळं पडायचं. आधी नखं, मग तळवे, मग तोंड. कावीळ नव्हे, नुसता रंग. गोळ्या थांबल्या की महिन्या-दोन महिन्यांत उतरायचा. डॉक्टरांना हे माहीत होतं, मला माहीत होतं. तापाच्या दिवसांत मी स्वतः त्या गोळ्या घेत होतो आणि माझे हात हळकुंडासारखे झाले होते.

मोखाड्याकडून, पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरून एक माणूस बाजारादिवशी यायचा. त्याचा धाकटा भाऊ तापाने फणफणला होता. घरात आणखी एक-दोघांना हुडहुडी भरत होती. मी त्याला गोळ्या दिल्या आणि त्याच्या बोलीत सांगायला लागलो, की ज्याला ताप त्यालाच जास्त द्यायच्या, अंग पिवळं झालं तर घाबरायचं नाही. एवढ्यात मागून डॉक्टर ओरडले, "कंपाउंडर, व्याख्यान नको! रांग बघा!" आणि हातातला पत्र्याचा ट्रे त्यांनी जाळीवर असा भिरकावला की कात्र्या-चिमटे माझ्या पायाशी येऊन पडले. तो माणूस गोळ्या मुठीत धरून पळाला. त्यानंतर तो दर बाजाराला यायचा, हात पुढे करायचा आणि माझ्याकडे न बघता निघून जायचा.

मग एका सकाळी दुसराच माणूस आला. त्याच पाड्यावर त्याची बहीण दिली होती. डोक्याची कातडी कपाळापासून मागे सोललेली, एका डोळ्यात रक्त भरलेलं. मलमपट्टीवाला तापाने पडला होता, म्हणून नाइलाजाने डॉक्टरांनी मला खिडकीतून बाहेर बोलावलं. मी जखम धुवत होतो आणि तो दात खात बोलत होता.

"माझे बहिनीला मारतात. खांबाला बांदली हाय. तिचा नवरा मेला न सगला घर पिवला झाला. सासू पिवली, सासरा पिवला, पोरं पिवली. तीच एकटी काली ऱ्हायली. भगताना दानं पाह्यलं न सांगला, ही भुताली हाय, हिनाच सगल्यांचा रगत पिला."

भगत म्हणजे पाड्याचा मांत्रिक, सुपातले तांदळाचे दाणे पाहून कौल देणारा. भुताळी म्हणजे चेटकीण, माणूस खाणारी. आमच्या डोंगरात हा शब्द एकदा बाईला चिकटला की तिची हाडं मोजायची वेळ येते. तो सोडवायला गेला तर तिच्या दिरानेच त्याच्या डोक्यात काठी घातली. तो दीर म्हणजेच माझ्याकडून गोळ्या नेणारा.

मी त्याला एकच विचारलं, "गोळ्या कशा खाल्ल्या तुझ्या बहिणीच्या घरात?"

तो म्हणाला, "कशा म्हंजे? वाटून. जेवाय बसली का सगल्यांना सारख्या."

 त्या लोकांची रीत मला ठाऊक होती. घरात ससा आला तरी सारखा वाटायचा, मुठीएवढी मिठाई आली तरी सारखी. आजाऱ्याला जास्त आणि धडधाकटाला कमी ही वाटणी त्यांच्या लेखी पाप. म्हणजे तापाने जळणाऱ्या माणसाला पोरांइतक्याच गोळ्या मिळाल्या आणि तो मेला. धडधाकट माणसं फुकट पिवळी झाली. आणि ती? ती वाढणारी. वाढणारी बाई सगळ्यांच्या मागून जेवते. तिच्यापर्यंत कालवण पोचायचं नाही तिथे गोळ्या कुठून पोचणार?

मी तसाच रक्ताच्या हातांनी आत गेलो. डॉक्टरांच्या पुढ्यात पोट फाटलेला एक जण पडला होता, रानडुकराने फाडलेला. मी सगळं एका दमात सांगितलं. ते मान वर न करता म्हणाले, "पोलिसांना कळवा."

"पोलीस मुडदा पडल्यावर पंचनाम्याला येतात, साहेब."

"मग मी काय करू? हा माणूस असाच सोडून येऊ?"

"मी जातो."

"ते कंपाउंडरचं काम नाही."

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणालो, "औषध मी दिलं, ते कसं घ्यायचं ते मला सांगू दिलं नाही, आणि त्यापायी एक बाई मरतेय. मग कंपाउंडरचं काम तरी काय आहे, ते एकदा सांगा!" बोलताना मी भिंतीवरच्या कपाटावर मूठ मारली आणि काच फुटली. डॉक्टर आता कानाखाली वाजवणार असं मला वाटलं. त्यांनी हातातली सुई ओढली, गाठ मारली आणि म्हणाले, "भरलेला डबा घेऊन जा. आणि मार खायची तयारी ठेवा."

लाकडांचा एक ट्रक मोखाड्याच्या बाजूला निघाला होता, त्याच्या ओंडक्यांवर आम्ही दोघं बसलो. पुढचा डोंगर पायी. वाटेत तो दोनदा चक्कर येऊन बसला. पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि मिरच्यांचा ठसका लांबूनच लागत होता.

खळ्यात मधोमध मेढ, म्हणजे मळणीचा खांब, होती. तिला ती बाई बसवून बांधली होती आणि तिच्या नाकाखाली मिरच्यांची धुरी धरली होती. खोकून खोकून तिचा आवाज गेला होता, नुसती मान हलत होती. पाठीवर निरगुडीच्या फोकांचे वळ एकावर एक उठून कातडी फुटली होती. तिच्या अंगावर माश्या होत्या. फोक सासूच्या हातात होता. सासू रडत होती आणि मारत होती, मारत होती आणि रडत होती. पोटचा पोर गेलेला. तिचं तोंड पिवळं धमक होतं आणि त्यावरून पाणी वाहत होतं. कडेला सगळा पाडा उभा. भगत सुपात तांदूळ घेऊन बसला होता, शांत, पंचांग घेऊन बसलेल्या भटजीसारखा.

मी आधी धुरीच्या खापराला लाथ मारली. मग ओरडून सांगितलं, की हा रंग गोळ्यांचा आहे, दवाखान्यातल्या. आणि पुरावा म्हणून मी माझे दोन्ही हात वर केले. "हे बघा! माझे हात पाहा, नखं पाहा! मीही गोळ्या खाल्ल्यात, मीही पिवळा आहे!"

पुढचे लोक वाकून माझी नखं बघायला लागले. मला वाटलं, जिंकलो.

मग सासरा म्हणाला, "याला पन खाल्ला. जव्हारात बसलेल्याला पन तिना खाल्ला!"

एक किंकाळी उठली. फोक पुन्हा पडायला लागले, आता आधीपेक्षा जोरात, कारण आता ती जव्हारपर्यंत पोचणारी भुताळी झाली होती. माझ्या हातांनी मी तिचं मरण जवळ आणलं होतं. मी मध्ये घुसलो. दिराने मला काठी मारली, माझा पुढचा दात तुटून जिभेत रुतला. मी त्याचा गळा धरला आणि त्याचं डोकं मेढीवर आपटलं. मग किती जणांनी मला तुडवलं ते मला माहीत नाही. बरगडीत काहीतरी कडकन वाजलेलं ऐकू आलं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी माझ्या हातात कोयता असता तर मी भगताला तिथेच कापला असता आणि फासावर गेलो असतो.

खाली पडल्या पडल्या मला ती दिसली. तिचं डोकं माझ्याच उंचीवर होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, ती माझ्याबरोबर पडलेल्या डब्याकडे बघत होती. दाद मागावी अशी कोणी माणसं त्या पाड्यात तिला उरली नव्हती. त्या नजरेने माझं डोकं एकदम थंड झालं.

तोंडातलं रक्त थुंकून मी सासऱ्याला विचारलं, "बाबा, भुताळी स्वतःला खाते का?"

"म्हंजे?"

"आपलंच रक्त आपण पिते का?"

"आपला कसा पिल? दुसऱ्याचा पिते."

"मग ही जर तुमच्यासारखी पिवळी झाली, तर ही भुताळी कशी?"

सासऱ्याने भगताकडे पाहिलं. सगळ्या पाड्याने भगताकडे पाहिलं. त्याने तांदूळ चाळवले, पण नाही म्हणायला त्याला वाट नव्हती. भुताळी स्वतःला खात नाही हे पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो म्हणाला, "पिवली झाली तं सोडू. नाय झाली तं तुला पन हिच्यासंगं जालू."

सगळ्यांच्या देखत मी तिला गोळ्या दिल्या. तिला गिळता येत नव्हतं, घसा भाजलेला. मी पाण्यात विरघळवून थेंब थेंब घातल्या. पिवळा रंग लवकर चढावा म्हणून तापाच्या माणसाला देतात तितक्या, आणि उपाशी पोटी. तिला ओकाऱ्या व्हायच्या, पोटात पिळा पडून ती दोरीसकट आडवी व्हायची. ओकली की परत द्यायचो. तिने एकदा माझ्या बोटाला चावलं. मी तिला मारणाऱ्यांपेक्षा वेगळा आहे हे तिला का वाटावं? दिवसातून एकदा तिचा भाऊ नागलीची पेज आणायचा. तेवढी मात्र पोटात टिकायची. मी तिच्या शेजारीच बसून राहिलो, फुटलेल्या तोंडाने, मोडलेल्या बरगडीने. रोज सकाळी सासरा यायचा, तिच्या पापण्या ओढून उन्हात डोळे बघायचा आणि मान हलवून जायचा. मला देव आठवत नसे, मला फक्त गोळीने अंग पिवळं पडतं असं सांगणारा डब्यावरचा इंग्रजी कागद आठवायचा आणि तो खोटा निघू नये असं मी घोकत राहायचो.

बाजाराचा दिवस उलटून गेला त्यानंतरच्या सकाळी सासऱ्याने तिचा तळवा हातात घेतला, आपला तळवा शेजारी धरला आणि तसाच बसून राहिला. मग त्याने बायकोला हाक मारली. सासूने पाहिलं आणि हंबरडा फोडून ती सुनेच्या गळ्यात पडली. "माझी पोर! तुला पन खाल्ला गं!" ज्या पाठीची तिने चाळण केली होती त्याच पाठीवरून ती हात फिरवत होती. दिराने दोर कापले. मला हसावं की रडावं ते कळेना.

पण सासरा उठला नव्हता. तो भगताला म्हणाला, "ही नाय. मंग कोन?"

मी त्या प्रश्नाचा विचारच केला नव्हता. भगताने सूप हलवलं, तांदूळ चाळवले, आणि त्याची मान हळूहळू पाड्याच्या टोकाच्या झोपडीकडे वळली. तिथे एक म्हातारी एकटी राहायची. पोटी कोणी नाही, नवरा कधीच गेलेला. मेलेल्या माणसाशी तिचं कोंबडीवरून भांडण झालं होतं, एवढं पुरे होतं. माणसं काठ्या उचलायला लागली.

मी ओरडलो, "थांबा! ज्याच्यात्याच्या तोंडाकडे बघत काय बसलात? डबा भरलेला आहे. मी सगळ्या पाड्याला गोळ्या देतो. बघू कोण पिवळं होत नाही ते!"

भगताला हे आवडलं. दाणे कधीतरी चुकू शकतात, ही परीक्षा चुकणार नाही असं त्याला वाटलं असावं. आणि खरं म्हणजे त्यालाही दोन दिवस हुडहुडी भरत होती. पहिली गोळी त्यानेच हात पुढे करून घेतली.

या सगळ्याचं मला काय मिळालं ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे ते शेवटी सांगायची पाळी येणार नाही. परवानगीशिवाय मुख्यालय सोडलं म्हणून वरून मेमो आला. डॉक्टरांनी त्याला परस्पर उत्तर पाठवलं, की कंपाउंडरला मीच पाठवलं होतं आणि यापुढेही पाठवणार आहे. तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस मी पाड्यांवर असायचो आणि बाकीचे दिवस व्हरांड्यात, रोग्यांच्या मध्ये बसून, गोळी गिळल्याशिवाय कोणाला उठू देत नसे. पगार वाढला नाही, हुद्दा बदलला नाही. डॉक्टर मात्र सकाळी राउंडला निघताना "चला" म्हणायला लागले. आजकाल औषधं देणारे सभा भरवतात, आमच्या कामाची कक्षा वाढवा, त्याचं मोल करा म्हणतात. करा की! पण मोल करणाऱ्यांनी एकदा त्या खळ्यात उभं राहून बघावं, म्हणजे माणसाच्या हातात गोळी ठेवणं आणि ती त्याच्या पोटात जाणं यात किती अंतर असतं ते कळेल.

त्या दिवशी आम्ही घर घर घेत निघालो. सुटलेली ती बाई माझ्यामागे येत होती. तिला नीट उभंही राहता येत नव्हतं, भावाच्या खांद्यावर हात टाकून ती पाय ओढत होती. मी तिला पड म्हटलं, तिने ऐकलं नाही. प्रत्येक दारात ती खुणेने आधी घरातल्या बायकांना पुढे बोलवायची. त्यांनी गिळल्याचं बघायची, मग पुरुषांची पाळी. कोणी कुरकुर केली तर नुसती वळून पाठ दाखवायची. कुरकुर थांबायची.

टोकाची झोपडी शेवटी आली. माणसं काठ्या घेऊन बाहेर उभी राहिली. म्हातारी चुलीमागे अंग चोरून बसली होती. मी समजावलं, तिच्याच बोलीत, हात जोडून. तिने ओठ असे मिटले होते की जणू शिवलेत. मी विष आणलंय असं तिला वाटत होतं, आणि आदल्या आठवड्यात खळ्यात जे चाललं होतं ते बघितल्यावर तसं वाटण्यात तिचं काय चुकलं? मी एक गोळी तिच्या ओठांत कशीबशी सरकवली. तिने ती माझ्या तोंडावर थुंकली. बाहेर कोणीतरी म्हणालं, "बघा, खात नाय. तीच हाय."

तेवढ्यात मला बाजूला ढकलून ती सुटलेली बाई आत शिरली. तिने म्हातारीला खाली पाडलं, छातीवर गुडघा दिला, दोन्ही जबडे बोटांनी फाकवले आणि गोळ्या घशात ढकलल्या. म्हातारी लाथा झाडत होती, हिचे हात ओरबाडत होती. हिचे वळ फुटून पाठीतून पुन्हा रक्त यायला लागलं. हिने म्हातारीचं तोंड तळहाताने दाबून धरलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हिच्या भाजलेल्या घशातून शब्द फुटले.

"गिल! गिल गं म्हातारे! मारतील तुला. गिल!"

ती रडत होती आणि म्हातारीचं डोकं जमिनीवर आपटत होती. मी तिला अडवलं नाही. म्हातारीच्या गळ्याची शीर वर आली, खाली गेली. तरी हिने हात काढला नाही. दुसऱ्यांदा गळा हलला तेव्हा तिने हात काढला, म्हातारीला उठवून भिंतीला टेकवलं आणि लुगड्याच्या पदराने तिचं तोंड पुसलं.

मग ती माझ्याकडे वळली आणि उद्याच्या गोळ्यांसाठी हात पुढे केला.